कॅरोल काउंटीतला हिवाळा: नळ, पंप आणि बर्फाचे ढीग

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या वायव्य भागातल्या या काउंटीत, माउंट कॅरोलला, 31 जानेवारी 2019 रोजी पारा उणे 38 अंश फॅरनहाइटवर (उणे 39 सेल्सिअस) उतरला होता. राज्यातला तो नीचांक. पण नुसत्या थंडीने इथली घरं अडत नाहीत. अडतात ती वाऱ्याने आणि वीज गेल्यावर. गावाबाहेरच्या घराला पाणी स्वतःच्या विहिरीचं, म्हणजे वीज गेली की पाणीही गेलं. घर गरम करणारी फर्नेस प्रोपेन गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवरच फिरतो.

म्हणून जनरेटर घेताना आधी पंपाची पाटी वाचा. विहिरीतले बहुतेक पंप 240 व्होल्टचे असतात. फक्त 120 व्होल्ट देणारा छोटा जनरेटर फ्रिज चालवेल, पंप नाही. शिवाय सुरू होताना पंप नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, तेवढी ताकद हिशेबात धरा. जोडणी ट्रान्सफर स्विचमधूनच (घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच) करून घ्या, नाहीतर वीज उलटी तारांवर जाते आणि दुरुस्तीला आलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब. गॅरेजमध्ये तर दार उघडं ठेवूनही नको.

बाहेरच्या नळाला लावलेला होज, म्हणजे बागेचा पाइप, ऑक्टोबरातच काढा. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे न गोठणाऱ्या, नळाचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत, उबेत असतो. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी आपोआप निथळतं. होज तसाच राहिला तर ते अडकतं, गोठतं आणि नळी फुटते. लबाडी अशी की हिवाळाभर काहीच कळत नाही. एप्रिलमध्ये नळ सोडला की पाणी तळघरात.

घरातला पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे सरका, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. ब्लोटॉर्चची ज्योत लावू नका.

प्रोपेनची टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात. काटा 30 टक्क्यांवर आला की मागणी नोंदवा, कारण रस्ता बुजला तर टँकर येणार नाही. रेग्युलेटरवरचा बर्फ हाताने किंवा झाडूने हलकेच काढा, फावड्याने नाही.

आता ढीग. सपाट शेतांवरून वायव्येचा वारा बर्फ उडवत आणतो आणि वेग मंदावेल तिथे टाकतो. स्नो फेन्स, म्हणजे बर्फासाठी लावलेलं कुंपण, बर्फ अडवते असं वाटतं. खरं तर ती वारा मंदावून आपल्या पलीकडे ढीग पाडते. म्हणून ती रस्त्याला खेटून लावली तर ढीग नेमका रस्त्यावर! उंचीच्या 35 पट अंतर धरा: 4 फुटी कुंपण रस्त्यापासून 140 फूट, वाऱ्याच्या बाजूला. खाली पाचेक इंच फट सोडा, नाहीतर कुंपणच गाडलं जातं. शेजारच्या आयोवा राज्यात तर हायवेकडेच्या मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवायचे शेतकऱ्यांना पैसे मिळतात. काम तेच.

गाडी अडकलीच तर सोडून चालत निघू नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, पण दरवेळी आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा.