लॉनमधलं तण जाईना? औषधाला दोष देण्याआधी या चुका टाळा

पावसाने महिनाभर ठाण मांडलं की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, तणनाशक आणलं, मारलं, काहीच झालं नाही." नाहीतर याच्या उलट: "भाऊ, मारलं अन् लॉनच पिवळं पडलं." नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला जुना बंगला असो की मनीषनगरच्या रो-हाउसपुढचा हातभर तुकडा, तक्रार या दोनपैकीच एक. जाऊन पाहिलं तर औषध खोटं असल्याचं क्वचितच निघतं. चूक असते ती आणण्यात किंवा मारण्यात, आणि त्यातही आणण्यात जास्त.

तण न ओळखताच औषध मागणं

कृषी केंद्रात जाऊन "लॉनचं तण मारायचं औषध द्या" म्हणणं म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "तब्येतीची गोळी द्या" म्हणण्यासारखं आहे. काउंटरवरचा पोरगा काहीतरी देतोच. आधी गुडघे टेकून लॉनमध्ये बसा आणि काय उगवलंय ते बघा.

दुधी, घोळ, आंबुटी, एकदांडी, गाजर गवत ही रुंद पानांची मंडळी. यांच्यावर २,४-डी हे तणनाशक चालतं. हे मुळात झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडात ते गेलं की वाढीचा ताळ सुटतो, देठ पिळवटतात आणि झाड स्वतःच्याच वाढीने मरतं. गवताच्या जातीची झाडं मात्र ते बऱ्याच अंशी पचवतात, म्हणून लॉन वाचतं. आपल्याकडच्या संत्रावाल्यांना हे नाव नवीन नाही. फळगळ थांबवायला ते हेच २,४-डी १५ पीपीएमने, म्हणजे १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम या हिशेबाने फवारतात. तेवढ्या मात्रेत ते फळ धरून ठेवतं, तणनाशकाच्या मात्रेत गाजर गवत आडवं करतं. मात्रेवर सगळा खेळ आहे, तो पुढे येईलच.

दुसरा प्रकार लव्हाळ्याचा, म्हणजे आपला मोथा. नागपूरच्या काळ्या मातीत निम्म्या तक्रारी याच्याच. लांबून तो गवतच वाटतो, पण रंग जरा चकचकीत आणि कापणीनंतर दोन दिवसांत लॉनच्या वर डोकं काढून उभा. दांडी बोटांत धरून फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर मोथा. याला २,४-डी मारलं तर फार तर शेंडे करपतात, पंधरवड्यात पुन्हा हिरवा. उपटलं तर आणखी वाईट. एका बंगल्यावरचा माळी मला म्हणाला होता, "उपटला का डबल येते जी." खरंच आहे ते. जमिनीखाली मोथ्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची ओढली की माळ तुटते, आणि खालच्या झोपलेल्या गाठी एकेक करून फुटतात. मोथ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे वेगळं औषध आहे, उसातल्या लव्हाळ्यावर वापरतात ते. मोथा तीन-पाच पानांवर असताना, पानाला चिकटण्यासाठी स्टिकर मिसळून ते मारायचं.

तिसरा प्रकार म्हणजे गवतातलं गवत. मेक्सिकन जातीच्या लॉनमध्ये घुसलेली हराळी किंवा सिलेक्शन वन जातीच्या लॉनमधला चिमणचारा. इथे ही दोन्ही औषधं हात टेकतात. खुरपं घ्या, बसा, मुळासकट काढा.

आणि एक औषध लॉनवर कधीच नको: ग्लायफोसेट. ते निवड करत नाही, हिरवं दिसेल ते मारतं. "सगळं तण साफ" एवढं ऐकून लोक ते आणतात आणि मग लॉनमध्ये परातीएवढे पिवळे गोल पडतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, तरी ते कुणी हातात दिलंच तर परत करा.

एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या डब्यांवर बहुधा पिकांची नावं असतात, लॉनचं नाही. लेबल वाचून शंका राहिली तर दुकानदाराला नाही, महाराजबागेच्या बाजूला कृषी महाविद्यालय आहे तिथे विचारा. १९०६ पासून ते तिथेच आहे.

चमच्याने मोजणं

लेबलवर मात्रा एकराची असते, लॉन असतं हजार फुटांचं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हॅलोसल्फ्युरॉन ७५ टक्के दाणेदार औषधाची मात्रा उसात एकरी ३६ ग्रॅम. हजार फुटांना किती? ०.८३ ग्रॅम. एक ग्रॅमसुद्धा नाही! चहाचा एक चमचा भरून टाकला तर मात्रा सहज तिपटीच्या पुढे. लॉन पिवळं पडतं ते असं. मी इतवारीत सोनारांकडे असतो तसला खिशात मावणारा डिजिटल काटा घेतला, तेव्हापासून ही भानगड संपली.

पाण्याचंही तेच. औषध मारण्याच्या आदल्या दिवशी पंपात तीन लिटर साधं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने लॉनवर मारत चला. पाणी कुठे संपलं तिथे खूण करा, टेपने मोजा. तीन लिटरमध्ये ७०० फूट झालं, तर तेवढ्या पाण्यात ७०० फुटांचंच औषध घालायचं. मोथा दाट आहे म्हणून तिथे दोनदा पंप फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही. फिरवू नका.

उन्हात आणि वाऱ्यात मारणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऑक्टोबर हीटमध्ये, सकाळी अकरा वाजता मी एका लॉनवर २,४-डी मारलं. २,४-डी एस्टर आणि क्षार अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतं; दुकानात एस्टर होतं, तेच घेतलं. वारा नव्हता, फवारा कुंपणापलीकडे गेला नाही, याची मला खात्री होती. आठवड्याने शेजारच्या काकूंनी हाक मारली. "माह्या टमाटरले लकवा मारला काय जी?" कुंडीतल्या झाडाचे शेंडे खाली वळून गोल झाले होते, कोवळी पानं दोऱ्यासारखी बारीक, देठ पिळलेले. जास्वंदीचीही तीच गत. एस्टर उन्हात वाफ होऊन उडतं, फवारा न जाताही ते शेजारी पोचतं. कपाशी तर याला फारच नाजूक. वाऱ्यावर आलेल्या २,४-डीने कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. काकूंना मी दोन नवी रोपं आणि जास्वंदीची कुंडी नेऊन दिली, पण त्या वर्षी दिवाळीचा चिवडा काही आला नाही.

तेव्हापासून एस्टर नाही, २,४-डीचा अमाइन किंवा सोडियम क्षारच. सकाळी दव वाळल्यावर, पारा तिशीच्या आसपास असेपर्यंत उरकायचं. एप्रिल-मेमध्ये तर नावच काढू नका. ४४-४५ अंशांत लॉन जगायलाच धडपडत असतं आणि तणाचं पानही कडक होऊन औषध आत घेत नाही. आपल्याकडे खरी वेळ ऑगस्ट-सप्टेंबरची उघडीप. माती ओली, तण जोमात आणि पुढचे सात-आठ तास पाऊस नको.

तोच पंप, तीच बादली

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने मोठी खूण करा. नुसतं विसळून त्याच पंपाने गुलाबावर किडीचं औषध मारलं तर नळीत राहिलेलं २,४-डी गुलाब वाकवतं. पाणी शक्यतो नळाचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात अमाइन क्षार फुटतो, जाळीत पांढरा गाळ बसतो आणि जोर निम्मा होतो.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट आणि चष्मा. विशेषतः चष्मा, कारण अमाइन क्षार डोळ्याला फार वाईट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती औषधं कीटकनाशकं होती, पण "एवढंसं तर लॉन आहे" म्हणत चप्पल घालून फवारणारे पाहिले की मला तेच आठवतं. पोरंटोरं आणि कुत्रा पान पूर्ण वाळेपर्यंत घरात.

बाकी किरकोळ: फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी नको, औषध शिरायला पान तर हवं. नवं लॉन तीन-चार कापण्या होईपर्यंत हाताने निंदा. आणि चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून दुसरा पंप मारू नका. २,४-डीचा पीळ दोन-तीन दिवसांत दिसतो, पण मोथा पिवळा पडायलाच आठवडा घेतो आणि वाळायला दोन-तीन आठवडे. काही गाठी पुढे फुटतातच, त्यांच्यासाठी पुन्हा एकदा मारावं लागतं.

कापलेलं गवत आणि दूर्वा

फवारणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन कापण्यांचं गवत गायीपुढे टाकू नका, वांग्या-टमाटरच्या बुडाशीही पसरू नका. जागच्या जागी लॉनवरच राहू द्या.

फवारणीची चांगली वेळ आणि गणपती-महालक्ष्म्या एकत्रच येतात. सकाळी शेजारच्या पोरी परडी घेऊन लॉनवर दूर्वा खुडायला येतात, काही घरांत दूर्वांचा रसही पितात. फवारलंय हे त्यांना कुठून कळणार? फाटकावर पाटी लावा. माझ्याकडच्या एका ताईंनी लॉनचा चार फुटांचा कोपरा दूर्वांसाठी विटा लावून वेगळा केलाय. तिथे पंप जात नाही. तिथला मोथा त्या दर रविवारी चहानंतर खुरप्याने काढतात, गाठीसकट.