सीलबंद दाव्याचे कागद मागताय? या चुका टाळा

माझा पहिला त्रयस्थ अर्ज, म्हणजे दाव्यात पक्षकार नसलेल्याचा अर्ज, कोर्टाच्या नक्कल विभागातून तसाच परत आला. कारणाच्या रकान्यात मी 'जनहितार्थ' एवढंच लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कागद नेमका कुठला हवाय?" मला तेही सांगता येईना.

बहुतेक पत्रकार आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि महिना घालवतात. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला: न्यायिक कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या. त्रयस्थाने शपथपत्रावर कारण द्यावं, ही गुजरातच्या नियमांतली अटही तिथे टिकली.

दुसरा गैरसमज म्हणजे कोर्ट खुलं, तर फाइलही खुली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब आपल्याला बाकावर बसू देतं, फाइल हातात देत नाही. अनेक ठिकाणच्या नियमांत निकालानंतर दावा आणि कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) नक्कल त्रयस्थाला सहज मिळते, निकालाआधी मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. पुराव्यात दाखल झालेले दस्त तर ते हजर करणाऱ्याच्या संमतीशिवाय सहसा मिळत नाहीत. आणि बाकावर बसून ऐकलेलं छापता येईलच असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश झाला होता. १९६६ च्या नरेश मिरजकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताने कायम ठेवला.

सगळ्यात महागात पडते ती 'सील' या शब्दाची भानगड. वकील सहज म्हणून जातात, "मॅटर सील आहे." असं कुणी म्हटलं की विचारा, कोणत्या आदेशाने? सुनावणी इन कॅमेरा (बंद दाराआड) असणं, प्रसिद्धीला मनाई असणं आणि एखादा दस्त बंद लिफाफ्यात असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कौटुंबिक न्यायालयात एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी इन कॅमेरा घ्यावीच लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तर कामकाजाबद्दल छापणंच गुन्हा आहे. दंड हजार रुपयांपर्यंतच, पण पक्षकाराच्या वकिलाने प्रेमाने पाठवलेली पीडीएफ छापणाऱ्याला तो वकील वाचवायला येत नाही. उलट कधी कधी लिफाफ्यात फक्त एक करारपत्र असतं आणि बाकी फाइल नेहमीसारखीच.

म्हणून आधी प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सच्या साइटवर प्रकरण काढा, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद) तारखेनिशी वाचा आणि गोपनीयतेचा आदेश कोणत्या निशाणीखाली (फाइलमधल्या कागदाच्या क्रमांकाखाली) झाला ते टिपून ठेवा. असा आदेशच सापडला नाही, तर 'सील' ही नुसती वकिलाची बतावणी असू शकते.

आदेश असलाच तरी 'सगळी फाइल द्या' म्हणू नका. नावं आणि व्यापारी आकडे खोडून चालतील, असं अर्जातच लिहा. बंद लिफाफ्यालाच हरकत घ्यायची असेल, तर मीडियावन या वृत्तवाहिनीच्या प्रकरणातला एप्रिल २०२३ चा निकाल वाचून जा. त्या पद्धतीने नैसर्गिक न्याय आणि खुल्या न्यायाला धक्का लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

दुसऱ्या खेपेला मी लिहिलं: 'निशाणी ५ खालील आदेश व कैफियत, बातमीतील तपशील पडताळण्यासाठी.' आदेशाची नक्कल मिळाली. कैफियतीवर शेरा होता, 'निकालानंतर अर्ज करावा.'