नवरंग ओळखताना या चुका टाळा

मे सरता सरता नवरंग पक्षी दक्षिणेकडून विणीसाठी आपल्याकडे येतो आणि फोटोंचा पाऊस सुरू होतो. त्यातले बरेच फोटो नवरंगाचे नसतातच, केशरी डोक्याच्या कस्तूर पक्ष्याचे असतात. गफलत का होते ते कळतं: दोघेही गर्द सावलीत पाचोळा उलटून किडे वेचतात. पण घाईने रंग मोजायला जाल तर फसाल. आधी चेहरा पाहा. नवरंगाची काळी पट्टी आडवी असते, चोचीपासून डोळ्यावरून थेट मानेपर्यंत. आपल्याकडच्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन काळपट पट्ट्या असतात, त्याही उभ्या. मग शेपूट. नवरंगाची इतकी आखूड की पक्षी मागून छाटल्यासारखा दिसतो. पाठ हिरवी असेल तर नवरंग, निळसर राखाडी असेल तर कस्तूर. नवरंगाच्या बुडाखालचा लाल रंग चित्रात ठसठशीत दिसतो, सावलीत तो काळवंडतो. त्यावर विसंबू नका.

दुसरी चूक जास्त वाचलेल्यांची. नवरंग जमिनीवर चरतो हे पाठ असतं, म्हणून शीळ आली की मंडळी झुडपाखाली वाकून शोधू लागतात. अर्धा तास जातो, गुडघे चिखलाने माखतात आणि पक्षी डोक्यावरच्या फांदीवरून उडून जातो. चरताना तो खाली असतो, पण शीळ घालायला बहुतेकदा झाडावर चढतो, मान मागे टाकतो आणि दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो: ‘व्हीट्-ट्यू’. एका जागी उभं राहा, तीन-चार शिळा होऊ द्या, दिशा पक्की झाली की मधल्या उंचीच्या आडव्या फांद्या दुर्बिणीने सावकाश चाळा. वेळ पहाटेची किंवा सांजेची. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, म्हणतात ते उगाच नाही. माणसाने रमतगमत घातल्यासारखी लांबलचक शीळ ऐकू आली तर तो शीळकरी कस्तूर, केशरी डोक्याच्या कस्तुराहून वेगळा पक्षी.

उडताना निळा रंग आणि पंखातला पांढरा ठिपका दिसला म्हणून लगेच नवरंग लिहू नका, खंड्याही तसाच दिसतो. लांब लाल चोच दिसली की प्रश्न मिटला.

आणि मोबाइलवर शीळ वाजवून त्याला बोलावणं बंद करा. जून ते ऑगस्ट त्याची वीण असते. प्रतिस्पर्धी आला समजून तो घरटं सोडून धावत येतो, तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात. घरट्यासमोरच्या काटक्या फोटोसाठी मोडणाऱ्याला तर आम्ही पक्षीनिरीक्षक म्हणतच नाही.