१,४२,८५७ ची कुंडली कशी मांडावी

कागद रेघांचा घ्या, कॅल्क्युलेटर लांब ठेवा. मूळ अवयव हातात आले की विभाजक आणि त्यांची बेरीज त्यांच्यातूनच निघते, म्हणून सुरुवात तिथूनच.

अडतं तेही इथेच. अंकांची बेरीज २७, म्हणून २७ ने भाग जातो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांना १,८९९ ला २७ ने भागायला लावा. बेरीज २७ च, पण बाकी ९ उरते. बेरजेचा नियम ३ आणि ९ पुरता, पुढे नाही. आपल्या संख्येला २७ ने भाग जातो खरा, पण तो भागून बघायचा. ५,२९१ येतात. त्याला ११ ने भागलं की ४८१.

या ४८१ ने मला एकदा चांगलंच गंडवलं. दिसायला अगदी मूळ संख्या! २, ३, ५, ७, ११ ने भाग जाईना, म्हणून मी तशीच सोडली आणि विभाजक १६ मोजले. खरे आहेत ३२, कारण ४८१ म्हणजे १३ × ३७. कुठवर तपासायचं याचा हिशेब पक्का ठेवा: उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. ४८१ साठी २२ च्या आत, म्हणजे १९ पर्यंत. मी ११ वरच थांबलो होतो. काहीजण उलट अख्ख्या १,४२,८५७ चंच वर्गमूळ धरून ३७७ पर्यंत भागत बसतात, तीही हमालीच.

आता मी आधी उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडतो. १४२ + ८५७ = ९९९, आणि ९९९ = २७ × ३७. गटांच्या बेरजेला २७ किंवा ३७ ने भाग गेला की संख्येलाही जातोच. इथे तर अख्ख्या ९९९ ने भाग जाऊन १४३ येतात, म्हणजे ११ × १३. झालं: ३³ × ११ × १३ × ३७.

विभाजक: ४ × २ × २ × २ = ३२. स्वतःला सोडून त्यांची बेरीज १,१२,५०३, संख्येपेक्षा कमी. बरोबर तेवढीच भरली असती तर परिपूर्ण; तशी ही नाही.

मग देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या कसोट्या. अंकांच्या बेरजेने, २७ ने, भाग जातो, तेव्हा हर्षद संख्या. वर्ग २०४०८१२२४४९; त्याचे तुकडे २०४०८ + १२२४४९ = १,४२,८५७, तेव्हा कापरेकर संख्याही.

देवळाली संख्येची कसोटी लोक कंटाळून सोडतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून १,४२,८५७ येतात का, एवढंच बघायचं; कुठूनच येत नसतील तर ती देवळाली. नवाच्या बाकीचा विचार केला तर ती बेरीज ९ च्या पटीतच हवी, आणि सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढे जात नाही, म्हणून फक्त सहा संख्या तपासायच्या: १,४२,८४८; १,४२,८३९; १,४२,८३०; १,४२,८२१; १,४२,८१२; १,४२,८०३. पहिलीत ९ हवेत, आहेत २७. दुसरीत १८ हवेत, तिथेही २७. तिसरीत २७ हवेत, तर आहेत १८. उरलेल्या तिन्हींत १८ च, हवेत ३६, ४५, ५४. एकही जुळत नाही, म्हणजे ही देवळाली संख्यासुद्धा.