कारशेडच्या शताब्दीचे बोधचिन्ह करताना या चुका टाळा

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेवरची लोकल धावली. त्या परंपरेतल्या कारशेडचे स्मरणचिन्ह काढताना सर्रास होणारी चूक म्हणजे धूर सोडणारे वाफेचे इंजिन. रेल्वे म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते हे खरे. पण ज्या शेडचे सारे आयुष्य विजेच्या गाड्यांची देखभाल करण्यात गेले, तिच्या माथ्यावर धुराडे चढवणे हा तिथल्या कामगारांच्या कसबावर अन्याय आहे. जुने विजेचे इंजिन हवे म्हणून ‘खेकडा’ या नावाने ओळखले जाणारे डब्ल्यूसीजी-१ घेऊ नये, कारण ते घाटातून मालगाड्या ओढणारे इंजिन होते. लोकलला वेगळे इंजिन लागतच नाही, मोटारी डब्यांतच बसवलेल्या असतात.

आजच्या लोकलचा चेहरा काढून त्याखाली १९२५ लिहिणेही तितकेच चूक. आरंभी रुळांवरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह होता, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून तो २०१६ मध्ये पूर्णपणे हटून २५,००० व्होल्टचा एसी (दिशा बदलत वाहणारा) प्रवाह आला. दोन्ही काळ दाखवायचे असतील, तर दोन गाड्या वेगळ्या काढाव्यात.

नावांचेही तसेच आहे. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली, म्हणून १९२५ च्या गाडीवर तिचे चिन्ह नको, तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे हवे. पहिली गाडी धावल्याचा दिवस आणि शेड सुरू झाल्याचा दिवस एकच असेल असेही गृहीत धरू नये; शेडची तारीख कार्यालयीन नोंदीतूनच घ्यावी.

सर्वांत जास्त त्रास मात्र अक्षरे देतात. विनाइल (चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ कागद) कापणाऱ्या यंत्राला देवनागरी मजकूर तसाच दिला, तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे यंत्र चीर देते आणि ‘वर्षे’सारखा शब्द लावताना तुकड्यांत सुटतो. त्यासाठी अक्षरांचे आकारांत रूपांतर करून ते एकसंध जोडावेत, रफार आणि मात्रा जागेवर आहेत ना हे पाहावे आणि मगच फाइल पाठवावी. डब्यावर चिकटवताना डब्याचा क्रमांक झाकला जाणार नाही आणि कडा दाराच्या फटीवर येणार नाही अशी जागा निवडावी. छपाईपूर्वी रेखाटन शेडमधल्या एखाद्या अनुभवी फिटरला दाखवावे. पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) चुकीच्या डब्यावर काढला असेल, तर त्यांच्या ते लगेच लक्षात येते.