द्रव्याच्या अवस्था शिकवायला घेताना

परळच्या एका मराठी शाळेत मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवते आहे. जूनमध्ये नव्या बाई किंवा नवे सर रुजू झाले की स्टाफरूममध्ये एकदा तरी ऐकू येतं, "हा धडा सोपा आहे, दोन तासांत उरकेल." उरकतो. स्थायूला ठरावीक आकार, द्रवाला ठरावीक आकारमान, वायूला दोन्ही नाही, हे मुलं आधीच पाठ करून आलेली असतात. पण तेवढ्यावर सोडलं की दहावीचा अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता अवस्था बदलण्यात खर्च होणारी उष्णता) आणि अकरावीतला वायूंचा गतिज सिद्धांत (कणांच्या धावपळीवरून वायूचं वागणं समजावणारा) दोन्ही घोकंपट्टीवर जातात. म्हणून नव्याने वर्गात उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहिते.

पहिल्या तासाला फळ्यावर काही काढू नका. कोरे कागद वाटा आणि सांगा, बर्फ, पाणी आणि वाफ यांच्यातले कण काढा. बर्फाचे कण चौकोनी येतील, पाण्याचे थेंबासारखे, वाफेचे फुगलेले. कणांच्या मधल्या जागेत बरीच मुलं 'हवा' लिहितील. या कागदांवरून पुढचे चार तास काय शिकवायचं ते कळतं. पाण्याचा रेणू तिन्ही ठिकाणी तोच आहे, तो वितळत नाही, फुगतही नाही. बदलतं ते रेणूंचं एकमेकांना धरून राहणं. आणि मधली जागा खरोखर रिकामी आहे. हे शेवटचं पटायला सगळ्यात जड जातं, त्याला वेळ द्या.

मुंबईत प्रत्येक शिक्षक इथे लोकलचं उदाहरण देतो: खच्चून भरलेला डबा म्हणजे स्थायू, दुपारचा मोकळा डबा म्हणजे द्रव. कृपा करून असं शिकवू नका. त्यातून मुलं समजतात की द्रवाचे कण विरळ असतात. प्रत्यक्षात ते स्थायूइतकेच खेटून असतात, आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतो, म्हणजे त्यात रेणू पाण्याहून विरळ बसलेले आहेत. मी एकाच डब्यातली दोन माणसं दाखवते. सीटवर बसलेला जागच्या जागी हलतो, गाडीबरोबर हिंदकळतो, जागा सोडत नाही: हा स्थायू. दाराजवळच्या गर्दीतला तितकाच चेपलेला असतो, पण दादरला धक्के खात आत सरकतो, शेजारी बदलत राहतो: हा द्रव. वायूसाठी डबा पुरतच नाही. 100 अंशांना पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे 1600 पट होतं, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर साधारण बारा पट. त्यासाठी मी मुलांना मैदानावर नेते.

आता प्रयोग. यात कंजुसी नको. −10 ते 110 अंशांचा साधा प्रयोगशाळेचा तापमापक प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळतो. तापाचा तापमापक चुकूनही वापरू नका, तो फुटतो. स्टीलच्या पातेल्यात ठेचलेला बर्फ घ्या, मंद आच ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. तापमापकाचा फुगा तळाला टेकू द्यायचा नाही आणि सतत ढवळायचं. पहिल्या वर्षी मी ढवळलं नाही. तापमापक चार, मग सहा अंश दाखवू लागला, आणि मी वर्गाला म्हणाले, "पुस्तकात शून्य आहे, शून्यच लिहा." ते वाक्य मला अजून सलतं. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी खोडायला लावलं होतं. नीट ढवळलं की शेवटचा खडा वितळेपर्यंत तापमापक शून्यापाशी थांबतो, आणि वर्ग आपोआप गप्प होतो. खाली गॅस चालू आहे, मग उष्णता जाते कुठे?

हा प्रश्न मुलांच्या तोंडून येऊ द्या. एका वर्षी उत्तर मागच्या बाकावरून आलं. त्या मुलीची आई भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन बाजारात विकायला बसते. मुलगी म्हणाली, "बाई, पेटीत बर्फाचा तुकडा आहे तोवर मासळी तशीच गार राहते, कितीही पाणी साचलं तरी. बर्फ संपला की मग घाई." बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर बाहेरची उष्णता रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात खर्च होते, रेणूंचा वेग वाढत नाही, म्हणून तापमान चढत नाही. एक ग्रॅम बर्फाला यासाठी 334 जूल लागतात. याच बळावर 1833 मध्ये बॉस्टनहून 180 टन बर्फ जहाजात भरून निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे 100 टन कलकत्त्याला पोचला.

आकडे मिनिटांत सांगितले की मुलांच्या ध्यानात राहतात. एकाच आचेवर पाणी शून्यापासून 100 पर्यंत तापायला 5 मिनिटं लागली, तर तेवढाच बर्फ वितळायला 4 आणि तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला 27. प्रत्यक्षात वाटेत उष्णता निसटते, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण 27 चा लांबलचक सपाट भाग आलेखावर हमखास दिसतो. उकळताना बुडबुड्यांत काय आहे, हेही इथेच विचारा. 'हवा' म्हणणारे हात मोजा. सुरुवातीचे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, खळखळ उकळतानाचे पाण्याच्याच वाफेचे.

कणांच्या वेगाचा तास मला सगळ्यात आवडतो. खोलीतल्या हवेत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगाने धावतात असं सांगितलं की कुणीतरी विचारतंच, "मग अगरबत्तीचा वास मागच्या बाकापर्यंत यायला एवढा वेळ का?" हाच आक्षेप 1858 मध्ये बाईस-बॅलट या डच शास्त्रज्ञाने घेतला होता. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियसने उत्तर दिलं: रेणू सरळ जातच नाही, पावलोपावली दुसऱ्यावर आपटून दिशा बदलतो. विचारणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बाष्पीभवनासाठी मुंबईचा दमटपणाच कामाला येतो. सगळे रेणू सारख्या वेगाचे नसतात; वेगवान असतील ते पृष्ठभागावरून निसटतात, मागे राहिलेल्यांची सरासरी घटते आणि पाणी गार होतं. हवेतच बाष्प भरपूर असेल तर जितके निसटतात जवळजवळ तितकेच परत येतात. म्हणून नागपूरचा कूलर इथे निरुपयोगी आणि जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले. दोन तापमापक शेजारी टांगा, एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि पंख्याखाली दोन्ही आकडे घ्या. आमच्या वर्गात जुलैत फरक जेमतेम एक-दोन अंश येतो, डिसेंबरच्या दुपारी सात-आठपर्यंत जातो. जूनमध्ये भिंतीवर तक्ता लावतो, रोज एक मूल आकडे भरतं, आणि मार्चमध्ये परीक्षेआधी तो उतरवायला कुणीच तयार नसतं.