जुनी शॉर्ट टेलिफोटो लेन्स निवडताना या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरातलं माजघर दहा फूट रुंद आहे. हा आकडा आधीच सांगते, कारण माझी पहिली जुनी लेन्स या दहा फुटांत मावली नाही.

थंडीतली सकाळ होती. आत्या खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. ऊन तिरपं येऊन तिच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवर थांबलं होतं, आणि अंगठ्याने शेंग फोडताना तिच्या बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या एकेक करून उजळत होत्या. मी क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, बॉडीवर कार्ल झाइस येनाची १३५ मिमी एफ/३.५ लावली आणि मागे सरकत भिंतीला टेकले. तरी फ्रेममध्ये नुसता चेहरा आणि मान. हात नाहीत, परात नाही. लेन्स उत्तम होती, आजही आहे. मीच ती घेताना खोली मोजली नव्हती.

गेल्या काही वर्षांत मला अनेक जण विचारतात, जुन्या शॉर्ट टेलिफोटोंत (लांबचं जरा जवळ आणणाऱ्या, साधारण ८५ ते १३५ मिमीच्या लेन्स) ८५ घेऊ की १०५ की १३५? कोणती कंपनी? माझं उत्तर एकच असतं: ज्यांचे फोटो काढायचे आहेत त्यांच्यापासून तुम्ही किती लांब उभे राहता, ते आधी मोजा. लेन्सचं नाव त्यानंतर.

नाव आधी, अंतर नंतर

डोक्यापासून खांद्यांखालपर्यंत साधारण दोन फुटांचा भाग, कॅमेरा उभा धरून. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर ८५ मिमी लेन्सला यासाठी सुमारे पाच फूट लागतात, १०५ ला सहा, १३५ ला आठ. तीच ८५ क्रॉप सेन्सरवर लावली की साडेसात फूट, आणि १३५ लावली की जवळजवळ बारा. म्हणजे क्रॉप बॉडीवाल्याने घरातल्या माणसांसाठी १३५ घेणं ही सरळसरळ चूक आहे. त्याच्यासाठी ५८ मिमीची हेलिओस ४४-२ शॉर्ट टेलिफोटोचं काम पाच फुटांत करते, आणि ती स्वस्तही मिळते.

लोक म्हणतात, टेलिफोटोने चेहरा चपटा आणि छान येतो. चेहऱ्याचे आकार ठरतात ते अंतराने. पाच-सहा फुटांवरून नाक, कान, कपाळ आपल्याला रोज दिसतात तसेच दिसतात, दीड फुटावरून नाक पुढे येतं. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते.

पैसे खर्च करण्याआधी एक रविवार द्या. बॉडीबरोबर आलेली ५५-२०० किंवा तत्सम झूम लेन्स ८५ वर फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्रीवर (होळकरांच्या समाधी-वास्तूवर) जा, दुपारी घरात काढा, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईसमोर उभे राहा. पुढच्या रविवारी १०५ वर पट्टी लावा. छत्रीच्या कमानींत १३५ सुद्धा सुखाने चालते, मागे जायला जागा असते. सराफ्यात मात्र ८५ च्या वर गेलात की तुमच्या आणि कढईच्या मध्ये चार माणसं येऊन उभी राहतात.

बॉडीवर बसते, पण लांबचं फोकस होत नाही

आपल्याकडे निकॉनचे डीएसएलआर घरोघरी आहेत, म्हणून ही चूक सर्वांत जास्त दिसते. कोणी तरी एम४२ स्क्रू माउंटची (आटे फिरवून बॉडीला जोडायची) सुंदर ताकुमार किंवा ज्युपिटर-९ घेतो, स्वस्तातला अडॅप्टर (जोडकडी) लावतो आणि मग कळतं की काही फुटांपलीकडचं सगळं धूसर. कारण साधं आहे. निकॉनमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे आणि एम४२ लेन्सला ४५.४६ मिमी हवं असतं. वर अडॅप्टरची जाडी. लेन्स जरा जास्तच पुढे राहते आणि अनंतापर्यंत पोचत नाही. यावर उपाय म्हणून मध्ये काच असलेला अडॅप्टर विकतात. तो घेऊ नका. ज्या लेन्सच्या काचेसाठी तुम्ही पैसे मोजले, तिच्यामागे हलकी काच लावून ती वाया जाते.

कॅननच्या ईओएस डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिमी, म्हणून एम४२, निकॉन आणि ऑलिम्पस ओएमच्या लेन्स साध्या अडॅप्टरने नीट बसतात. पण कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स (४२ मिमी) बसत नाहीत, आणि मिनोल्टाच्या एमसी-एमडीही (४३.५) नाहीत. नाव एकच म्हणून माउंट एकच असेल असं धरून चालू नका.

एम३९ या दुसऱ्या स्क्रू माउंटचा सापळा याहून वाईट. सोव्हिएत ज्युपिटर-९ दोन प्रकारच्या एम३९ मध्ये येते. एक फेड-झोर्की या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची, अंतर २८.८ मिमी. दुसरी जुन्या झेनिट एसएलआरची, अंतर जवळजवळ एम४२ इतकंच. आटे सारखेच, दोन्ही एकमेकांच्या अडॅप्टरवर फिरतात. रेंजफाइंडरची लेन्स झेनिटच्या लांब अडॅप्टरवर लावली की ती मॅक्रो लेन्स होते, लांबचं काहीच दिसत नाही. विकणाऱ्याला आधी विचारा, मागच्या बाजूचा फोटो मागवा.

निकॉनच्या लेन्स निकॉनवर लावणाऱ्यांनीही थांबून बघा. १९७७ च्या आधीच्या, म्हणजे एआय (ॲपर्चर बॉडीला कळवणारी निकॉनची रचना) नसलेल्या लेन्स डी७०००, डी७५० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवल्या तर माउंटशेजारची छोटी कळ मोडू शकते. डी३५०० किंवा डी५३०० वर ती कळ नाही, तिथे त्या बसतात, फक्त मीटर (उजेड मोजणारी सोय) चालत नाही. एक्स्पोजर स्वतः ठरवावं लागतं. ते दोन दिवसांत जमतं.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल तर हा सगळा भाग तुमच्यासाठी जवळजवळ संपला. सोनी ई मध्ये १८ मिमी, निकॉन झेड मध्ये १६, कॅनन आरएफ मध्ये २०. साध्या पोकळ अडॅप्टरसाठी भरपूर जागा आहे.

टॉर्च न घेता लेन्स बघायला जाणं

माझी दुसरी लेन्स ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली. 'ग्लास एकदम क्लीन' असं लिहिलं होतं आणि फोटोतही तसंच दिसत होतं. घरी आल्यावर सावलीत फोटो चांगले आले. लालबागेत संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून काढले आणि सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं. रात्री खोलीतला दिवा बंद केला, लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि पुढून पाहिलं. आतल्या एका काचेवर सबंध पृष्ठभागभर राखाडी धुकं होतं. वर्षानुवर्षं ग्रीसची वाफ बसून तयार झालेलं. समोरून, दिवसाउजेडी, ते कधीच दिसलं नसतं.

तेव्हापासून मी अशी बघते. ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं, फोकस रिंग एका टोकाला, टॉर्च मागून तिरका. डोळा सरळ रेषेत नाही, जरा बाजूला. मग टॉर्च हळूहळू फिरवायचा. बुरशी असेल तर कडेकडून आत जाणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसतात. धुकं असेल तर काच सबंध उजळते. दोन काचा जोडणारा चिकट थर सुटला असेल तर काठाशी चंद्रकोरीसारखी चमकती, कधी इंद्रधनुषी कड दिसते. बाहेरच्या काचेवरची थोडी बुरशी निघते. आतली निघते, पण लेन्स उघडणारा हात तसा लागतो. सुटलेला थर मात्र दुरुस्त होत नाही असं समजा आणि लेन्स परत ठेवा.

धूळ दिसली तर घाबरू नका. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ असणारच आणि फोटोत ती दिसत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही सहसा चालून जातो. मागच्या काचेवरच्या ओरखड्याकडे मात्र कडक नजरेने बघा.

ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल दिसलं की लोक लेन्स लगेच नाकारतात. इथे जरा फरक करा. निकॉन एआय लेन्स निकॉन डीएसएलआरवर लावणार असाल तर पाकळ्या क्षणात मिटाव्या लागतात. तेलाने त्या उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात. ज्युपिटर-९ च्या १५ पाकळ्या हातानेच फिरवायच्या, तिथे तेलाने कामात अडथळा येत नाही. पण तेच तेल पुढे काचेवर धुकं होऊन बसतं, म्हणून भाव करताना ते बोलून दाखवा.

स्क्रूंची डोकी बघायला विसरू नका. खरवडलेली असतील तर लेन्स कोणी तरी उघडली होती. नीट परत बसवली की नाही हे लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करून तिथेच तपासा. दुकानदार 'मॅडम, सब ओके है' म्हणाला तरी रस्त्यावर येऊन एक फोटो काढाच.

एफ/१.५ शिवाय मन मानत नाही

एफचा आकडा लहान, तितकं ॲपर्चर मोठं. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ/२, माणूस पाच फुटांवर. फोकसमध्ये सापडणारा पट्टा साधारण पावणेचार सेंटिमीटरचा. पापणीवर फोकस केलं तर कान नाही, आणि आत्या बोलता बोलता जराशी पुढे झुकली तर पापणीही नाही. एफ/४ ला हा पट्टा साडेसात सेंटिमीटर होतो. तुमचे पोर्ट्रेट शेवटी एफ/२.८ आणि ४ च्या दरम्यानच येणार असतील, तर पाऊण किलोहून जड, ८५ मिमी एफ/१.५ ची हेलिओस ४०-२ फक्त गिरकी घेणाऱ्या बॅकग्राउंडसाठी घेऊ नका. ती गिरकी दहा फोटोंत आवडते, अकराव्यात चेहऱ्याच्या आड येते.

माझी आवडती निकॉर १०५ मिमी एफ/२.५ आहे. १९७१ पासूनच्या तिच्या नव्या रचनेत चार गटांत पाच काचा, ५२ मिमीचा फिल्टर, एक मीटरपर्यंत फोकस. पूर्ण उघडी असतानाही ती डोळ्यांत धार देते आणि मागचं शांत ठेवते. स्टीव्ह मॅकरी यांच्या १९८४ च्या त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीच्या फोटोमुळे तिचं नाव झालं हे खरं, पण मी ती घेतली ते माझ्या सहा फुटांत ती बरोबर बसते म्हणून. कमी वजन हवं असेल तर ऑलिम्पसची १०० मिमी एफ/२.८ बघा, मुठीत मावते. एम४२ मध्ये ताकुमार १०५ मिमी एफ/२.८ ला लोक ८५ च्या मागे धावताना विसरतात, तिची फोकस रिंग फिरवून पाहाच.

'लेन्स सॉफ्ट आहे' म्हणण्याआधी

कॅमेरा शटरच दाबू देत नसेल तर मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करण्याचा पर्याय उघडा. बॉडीत स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ हाताने भरा. मागची ५० तशीच राहिली आणि १०५ लावली, तर स्थिरीकरण चुकीचा हिशेब करतं आणि हललेले फोटो लेन्सच्या माथी जातात. शटर स्पीड १/१२५ च्या खाली नेऊ नका, क्रॉपवर १/२०० ठेवा.

एम४२ लेन्सवर ॲपर्चर रिंग फिरते पण पाकळ्या हलत नाहीत, अशी तक्रार नेहमी येते. बाजूचा ए-एम खटका एम वर करा. खटकाच नसेल तर आतली पिन दाबणारा, कडा असलेला अडॅप्टर लागतो.

फोकससाठी स्क्रीनवर दिसणाऱ्या रंगीत कडांच्या (फोकस पीकिंगच्या) भरवशावर राहू नका. त्या उघड्या ॲपर्चरला नाकावरही पेटतात आणि पापणीवरही. समोरच्याचा डोळा स्क्रीनवर मोठा करून बघा, मग श्वास सोडताना दाबा. एवढं करूनही शंका असेल तर ट्रायपॉडवर, वर्तमानपत्राच्या पानावर, सेल्फ टायमरने तपासा. तिथे अक्षरं धारदार आली तर लेन्स निर्दोष आहे.

आणि हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड) लावा. ताकुमारवर बहुस्तरीय कोटिंग (काचेवरची चमक कमी करणारा लेप) १९७१ मध्ये आलं, त्याआधीच्या लेन्स बाजूच्या उजेडाने लगेच फिक्या पडतात. इंदूरच्या सचिवालयात ड्राफ्ट्समन म्हणून लागलेले आणि पुढे राजा दीनदयाल म्हणून नावारूपाला आलेले छायाचित्रकार ज्या काळात काम करत होते, तेव्हा लेन्सवर कोटिंग नावाची गोष्टच नव्हती. त्यांचे फोटो पाहिले की उजेड कुठून येऊ द्यायचा याची जाण किती मोठी असते ते कळतं. आपल्याला तर फक्त स्वस्तातलं रबरी हूड लावायचं आहे.

गेर, मे महिना आणि पावसाळा

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत, जुनी लेन्स नेऊ नका. राजवाड्यासमोर तोफांतून उडणारा गुलाल इतका बारीक असतो की फोकस रिंगच्या फटीतून आट्यांत शिरतो, आणि मग रिंग फिरवताना वाळू चावल्यासारखा आवाज येतो. या लेन्सना पाण्याधुळीपासून कसलंच संरक्षण नाही. नेलीच असेल आणि तो आवाज आला, तर रिंग आणखी फिरवू नका. मऊ ब्रशने आणि हवेच्या पंपाने बाहेरचा रंग काढा, ओलं फडकं अजिबात नको, आणि तशीच कारागिराकडे द्या.

मे महिन्यात गाडीच्या डिकीत लेन्स ठेवली की ग्रीस पातळ होऊन पाकळ्यांवर उतरतं. पावसाळ्यात कातडी केसमध्ये ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच येते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. माझा डबा माजघराच्या खिडकीत असतो, आणि दर आठवड्याला आत्या चष्मा लावून दाण्यांचा रंग बघते.